'अर्धवट' : एका विशेषणाचा अर्थ आणि अधिकार

जे पुरे झाले नाही त्याला नाव देण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अपूर्ण, अपुरा, अधुरा, अर्धवट, अर्धामुर्धा, अर्धाकच्चा, कच्चा अशी ही माळ बरीच लांबविता येईल. कोशांत हे शब्द बहुधा एकमेकांच्या अर्थादाखल दिलेले आढळतात, आणि तेवढ्यावर विसंबून समीक्षेतही त्यांची सर्रास अदलाबदल चालते. एकाच कृतीला एका परिच्छेदात 'अपूर्ण', दुसऱ्यात 'अर्धवट' आणि लेखणीला भावनेचा स्पर्श झाला की तिसऱ्यात 'अधुरी' म्हटले जाते. वस्तुतः हे शब्द एकाच उणिवेची चार नावे नव्हेत. उणीव कोणाची, हे प्रत्येक शब्द निराळ्या रीतीने सांगतो. आणि त्यांतील 'अर्धवट' हा शब्द तर वर्णनापेक्षा आरोपाच्या अधिक जवळ आहे. आरोप करावयाचा तर आरोपी कोण हे ठाऊक असावे लागते. ज्या ठिकाणी तो ठाऊक नाही, किंवा मुळात नाहीच, तेथे या शब्दाने वाङ्मयाचा आणि माणसांचाही निवाडा कसा बिघडतो, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

प्रथम शब्दांची घडण पाहावी. 'अपूर्ण' आणि 'अपुरा' यांत 'पूर्ण' वा 'पुरा' उघडच दिसतो. 'अधुरा' हा 'अर्ध' आणि 'पूर' यांच्या संयोगातून आलेला समजला जातो. म्हणजे तेथेही पुरेपणाची खूण शिल्लक आहे. या तिन्ही शब्दांत पूर्णतेची आठवण गर्भित असते. जे नाही त्याचे नाव घेऊनच ते उणीव सांगतात. 'अर्धवट' या शब्दात मात्र 'पूर' कोठेच नाही. त्यात 'अर्ध' आहे आणि त्याला लागलेले 'वट' आहे. या 'वट'च्या व्युत्पत्तीचा वाद बाजूला ठेवला तरी मराठी भाषकाच्या कानाला ते कडवट, खारवट, ओलवट या शब्दांच्या पंगतीत बसणारे वाटते. कडवट म्हणजे मोजून अमुक इतके कडू नव्हे. कडूपणाची छटा असलेले, आणि ती छटा बहुधा नको असलेली. त्याच न्यायाने 'अर्धवट' म्हणजे निम्मे नव्हे; अर्धेपणाची चव लागलेले. बारा आण्यांपर्यंत आलेले कामही अर्धवट असू शकते आणि दोन आण्यांवर थांबलेलेही. उलट मोजून निम्म्या केलेल्या भाकरीला कोणी अर्धवट भाकरी म्हणत नाही. ती अर्धी भाकरी; अर्धवट भाकरी म्हणजे तव्यावरून लवकर उतरविलेली, कच्ची राहिलेली. अर्धे हे परिमाण आहे, अर्धवट हा गुण आहे, किंबहुना अवगुण आहे.

या अवगुणाचा धनी कोण, हे क्रियापदे सांगतात. 'अपुरे' हे विशेषण 'पडणे' आणि 'राहणे' या क्रियापदांच्या सोबतीने नांदते : पैसे अपुरे पडले, जागा अपुरी पडली, इच्छा अपुरी राहिली. येथे कोणी काही केलेले नाही. मापच कमी भरले. 'अधुरे' हेही 'राहणे' याच्याशीच जमते, पण त्याचा कल मागे उरलेल्या माणसाकडे असतो. मंगेश पाडगांवकरांच्या भातुकलीच्या राजाराणीच्या गीतात कहाणीला लावलेले विशेषण 'अधुरी' हे आहे. त्या जागी 'अपूर्ण' घातले तर दुःखाचे कारकुनी टिपण होईल. 'अर्धवट' घातले तर दोष सांगणाऱ्याकडे जाईल आणि ऐकणारा विचारील की, मग पुरी का केली नाही? 'अर्धवट' याची स्वाभाविक संगत आहे ती 'सोडणे', 'टाकणे', 'ठेवणे', 'करणे' या सकर्मक क्रियापदांशी. काम अर्धवट सोडले, जेवण अर्धवट टाकले, पुस्तक अर्धवट वाचून ठेवले. या प्रत्येक वाक्यात कर्ता उभा आहे, आणि काम पुरे करणे हे त्याच्याकडून येणे होते असे गृहीत आहे. 'काम अर्धवट राहिले' असाही प्रयोग होतो. परंतु तो बहुधा कर्ता स्वतःच करतो, आणि त्या 'राहिले'मध्ये आरोप सौम्य करण्याची त्याची धडपड सहज ओळखू येते.

यावर एक आक्षेप संभवतो. 'अर्धवट मिटलेले डोळे', 'अर्धवट उघडे दार', 'अर्धवट झोपेत' या प्रयोगांत दोषारोप कोठे आहे? तो नाही, हे मान्य केले पाहिजे. येथे 'अर्धवट' हा शब्द बहुधा दुसऱ्या विशेषणाला वा धातुसाधिताला जडलेला आहे; तो क्रियाविशेषणासारखा वागतो आणि केवळ अवस्था सांगतो. डोळे पुरे मिटणे हे कोणाचे कर्तव्य नाही. तथापि हा अपवाद मूळ नियम मोडीत नाही, उलट त्याची मर्यादा दाखवितो : जेथे पूर्ण करण्याचे ऋण नाही तेथे शब्दातील आरोप निजून राहतो. पण 'दार अर्धवट लावून गेला' असे म्हणताच तो जागा होतो. संस्कृतप्रचुर लेखकांनी डोळ्यांसाठी 'अर्धोन्मीलित' आणि कळीसाठी 'अर्धस्फुट' हे शब्द पसंत केले, त्यात केवळ भारदस्तपणाची हौस नव्हती. या देशी शब्दाला चिकटलेला ठपका टाळण्याची गरजही असावी.

हा भेद ग्रंथांपेक्षा रोजच्या बोलण्यात अधिक काटेकोरपणे पाळला जातो. त्यासाठी गणेशखिंडीतील विद्यापीठापासून फार दूर जावयास नको. औंधच्या बाजूने मुळा ओलांडली की सांगवी लागते. मुळा आणि पवना यांच्या संगमाजवळचे हे गाव पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याच्या दक्षिण कडेला आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे भोसरी-चिंचवडचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले, १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका आली. या साऱ्या काळात ही वस्ती सतत बांधली जात राहिली. जुनी सांगवी आणि नवी सांगवी ही नावेच ते सांगतात. जेथे काही ना काही सदैव बांधले जात असते, तेथे न संपलेल्या वस्तूंची भाषा सूक्ष्म होणे साहजिक आहे.

अशा वस्त्यांत गावठाणातील कित्येक घरांच्या गच्चीवर खांबांच्या सळ्या मोकळ्या सोडलेल्या दिसतात. बाहेरच्याला ते घर अर्धवट वाटेल. घरमालक तसे म्हणणार नाही. त्याच्या भाषेत घर झालेले आहे, 'वर मजला चढवायचा आहे'. सळ्या ही उणीव नव्हे, ती पुढच्या पिढीसाठी राखलेली सोय होय. याउलट ठेकेदार खणून ठेवून निघून गेला असेल तर चार हातांचे गटारही 'अर्धवट काम' होते. हाच खड्डा शासकीय कागदावर 'अपूर्ण काम' या सदरात जातो, किंवा 'काम प्रगतिपथावर आहे' असे म्हटले जाते. 'अपूर्ण' या शब्दात नोंद आहे, कर्ता नाही. 'प्रगतिपथावर' यात तर उणीवही उरत नाही, केवळ चालणे उरते. नागरिक आणि कचेरी एकाच खड्ड्याकडे पाहून दोन शब्द वापरतात, ते दोघांना मराठी सारखी येत नाही म्हणून नव्हे. एकाला कर्ता हवा असतो, दुसऱ्याला तो नको असतो.

कायद्याच्या मराठीने याहून वेगळी वाट काढली आहे. इमारतीस मिळतो तो 'भोगवटा' दाखला. इमारत सर्वांगाने परिपूर्ण आहे की नाही याची चर्चा हा शब्द करीत नाही. ती भोगता येईल, राहता येईल, एवढेच सांगतो. काही भागच राहण्याजोगा असेल तर 'अंशतः' असे लिहितात, 'अर्धवट' असे नाही. शासकीय भाषेची चेष्टा करण्याची रीत पडली आहे, परंतु येथे तिने दाखविलेले तारतम्य कित्येक समीक्षकांना हेवा वाटावा असे आहे.

कारखान्याची भाषाही या बाबतीत बोलकी आहे. भोसरी-चाकणच्या कार्यशाळांत लेथवर चढलेल्या जॉबचे आधी रफिंग होते, मग फिनिशिंग. रफिंग झालेला जॉब अद्याप न संपलेला असतो, पण त्याला कोणी अर्धवट म्हणत नाही. तो 'रफ' असतो, आणि ही त्याची पायरी असते. हिशेबाच्या पुस्तकांतही 'कच्चा माल', 'अर्धपक्का माल' आणि 'पक्का माल' अशी चढण आहे. 'अर्धपक्का' यातील 'पक्का' हा पुढच्या हाताकडे बोट दाखवितो. पाळी संपताना कोणी मोजमाप न घेता जॉब यंत्रावर तसाच टाकून गेला तरच पुढच्या पाळीचा कामगार म्हणेल, 'अर्धवट टाकून गेला'. धातूचा तुकडा तोच, त्याची अवस्थाही कदाचित तीच. बदलले आहे ते एका माणसाने दुसऱ्याचे देणे चुकविले की नाही एवढेच.

येथवर शब्दाचा वापर न्याय्य आहे. तो अन्यायाचा होतो तो माणसांना लागू होताना. 'शिक्षण अर्धवट सोडले' हे वाक्य अर्जांत, मुलाखतींत, चरित्रांत आणि लग्नाच्या बोलण्यांत इतके रुळले आहे की त्यातील निवाडा कोणास जाणवत नाही. या औद्योगिक पट्ट्यात मराठवाड्यातून, विदर्भातून, कोकणातून कामासाठी आलेल्या पिढ्यांपैकी अनेकांच्या बाबतीत ते म्हटले गेले असणार. परंतु दुष्काळाने वा बापाच्या मृत्यूने शाळा सुटलेल्या मुलाने काय सोडले? त्याच्या बाबतीत 'शाळा सुटली' हे अकर्मक वाक्य खरे आहे, 'शाळा सोडली' हे सकर्मक वाक्य खोटे आहे, आणि 'अर्धवट सोडली' हे खोट्यावर चढविलेला ठपका आहे. शाळेच्या दाखल्याचे नावच 'शाळा सोडल्याचा दाखला' असे असल्याने कर्तेपण आधीच मुलाच्या माथी बसलेले असते. शिक्षणखात्याच्या परिभाषेतील 'गळती' हा शब्द याच्या उलट टोकाला जातो. त्यात मूल झाडावरून गळणाऱ्या फळासारखे निष्क्रिय होते, पण झाडालाही कोणी जाब विचारीत नाही. या दोन टोकांच्या मध्ये 'शिक्षण अपुरे राहिले' हा साधा प्रयोग उपलब्ध आहे. तो माप सांगतो आणि थांबतो.

किशोरवयासाठी मराठीने 'अडनिडे वय' असा शब्द घडविला, ही या संदर्भात लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. धड इकडचे नाही, धड तिकडचे नाही, असे वय. पण त्याला 'अर्धवट वय' म्हणण्याचा मोह भाषेने टाळला. कारण माणसाला 'अर्धवट' म्हणताच दुसराच अर्थ उभा राहतो : बुद्धीने उणा, अर्ध्या डोक्याचा. हा लाक्षणिक अर्थ आता लाक्षणिक राहिलेला नाही; काही प्रसंगी तोच प्रथम मनात येतो. त्याची यंत्रणा तपासली तर क्रूरता ध्यानी येते. अर्धवट घर म्हटले की ठपका बांधणाऱ्यावर असतो, घरावर नसतो. अर्धवट माणूस म्हटले की 'करणारा' हाती लागत नाही, आणि ठपका आपसूक त्या माणसावरच येऊन पडतो. जे त्याने केले नाही, जे पुरे करणे त्याच्या हाती नव्हते, त्याचे उत्तरदायित्व शब्द त्याच्याकडे सोपवितो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानंतर कागदोपत्री शब्द बदलले. घरगुती बोलण्यात हा एक मात्र टिकून आहे, बहुधा तो शिवीसारखा दिसत नाही म्हणून.

या अर्थाला मराठी करमणुकीच्या व्यासपीठाने एकदा मोठ्या गमतीने उलटे केले आहे. यशवंत पाध्ये यांनी १९१६ च्या सुमारास घडविलेला आणि पुढे रामदास पाध्ये यांनी घरोघरी पोचविलेला बोलका बाहुला 'अर्धवटराव' या नावाने ओळखला जातो. 'अर्धवट' याला 'राव' जोडताच उपहास आणि आदर एकमेकांना छेद देतात. हा बाहुला वेडगळ म्हणून शहाण्यांना सुनावू शकतो. शिवाय तो शब्दशः अर्धा आहे : वाणी दुसऱ्याची, ओठ त्याचे. त्याला पुरे करणारा माणूस शेजारीच बसलेला असतो आणि प्रेक्षकांना ते दिसत असते. 'अर्धवट' या शब्दाला हवा असलेला कर्ता असा रंगमंचावर उघडपणे हजर असल्यामुळेच तेथे हा शब्द कोणाला बोचत नाही, असे म्हणता येईल.

आता वाङ्मयाकडे वळावे. राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे निवर्तले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. 'भावबंधन' त्यांनी मृत्यूपूर्वी पुरे केले. 'राजसंन्यास' आणि 'वेड्यांचा बाजार' ही नाटके तशीच राहिली. अभ्यासकांनी त्यांना बहुधा 'अपुरी राहिलेली' म्हटले आहे, आणि ते योग्यच आहे : आयुष्याचे माप कमी भरले. पण 'अपुरे' म्हणून झाले की समीक्षेचे काम संपत नाही. 'राजसंन्यासा'च्या बाबतीत ते किती उरते हे जानेवारी २०१७ मध्ये दिसून आले. पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा अर्धपुतळा उखडून नदीत टाकण्यात आला, आणि कारण सांगितले गेले ते या नाटकातील संभाजीराजांच्या चित्रणाचे. (अर्धपुतळा हा शब्दही येथे पाहण्यासारखा आहे. शरीर अर्धे, पण पुतळा पुरा. त्याला अर्धवट पुतळा कोणी म्हणत नव्हते.)

या वादात दोन्ही बाजूंना नाटकाच्या अपुरेपणाला सामोरे जाणे भाग होते. आक्षेप घ्यावयाचा तर लिहिल्या गेलेल्या प्रवेशांवर घ्यावा लागतो, जणू नाटककाराचा अखेरचा निवाडा तेथेच आहे. बचाव करावयाचा तर नाटक पुरे झाले नाही या सबबीचा आश्रय घेणे सोपे असते, जणू न लिहिलेल्या प्रवेशांत सर्व दोषांचे परिमार्जन होणारच होते. दोन्ही भूमिका टिकण्यासारख्या नाहीत. अपुऱ्या नाटकातील लिहून झालेला प्रवेश हा प्रवेश म्हणून पुरा असू शकतो. त्याची भाषा, त्यातील पात्रांचे परस्परसंबंध, त्याचा वेग यांविषयी निर्भयपणे बोलता येते, आणि ऐतिहासिक व्यक्तीच्या चित्रणाबद्दल प्रश्नही विचारता येतात. उणीव आहे ती त्या प्रवेशाच्या स्थानाची. तो कशाकडे नेणारा होता, त्याचे उत्तर पुढे मिळणार होते की नाही, हे कळण्याचा मार्ग मृत्यूने बंद केला. म्हणून 'राजसंन्यासा'तील पात्रांवर बोलता येईल, 'राजसंन्यासा'च्या तात्पर्यावर बोलता येणार नाही. 'अर्धवट' हा शब्द येथे चुकीचा ठरतो. आणि तात्पर्य काढणारा प्रत्येक जण, मग तो स्तुती करो की निंदा, नकळत तोच शब्द मनात धरून चाललेला असतो. गडकऱ्यांकडून त्याला उर्वरित प्रवेशांचे येणे वसूल करावयाचे असते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे उदाहरण किंचित निराळे आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले तेव्हा 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' अपूर्ण होता, आणि त्यांचा धातुकोश प्रसिद्ध झाला तो त्यांच्या पश्चात. राजवाड्यांनी हाती घेतलेल्या कामांचा आवाकाच असा होता की ती एका माणसाच्या हयातीत संपणारी नव्हती. त्यांची टिपणे ही अर्धपक्क्या मालासारखी होती. पुढच्या हाताने ती उचलावी अशा रीतीने ठेवलेली. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि पुढील खंडांचे काम काही दशके चालले, तरी त्या काळात कोणी त्याला अर्धवट कोश म्हटले नाही. संस्था मागे उभी होती. उरलेले येणे बुडाले असे कोणास वाटले नाही.

मग मराठी वाङ्मयात 'अर्धवट' हा शब्द न्यायाने लागू पडेल अशी कृती आहे की नाही? आहे, आणि ती एका थोर नावाची आहे. हरि नारायण आपटे हे गडकऱ्यांच्याच वर्षी, ३ मार्च १९१९ रोजी, वारले. त्यांच्या काही कादंबऱ्या पुऱ्या झाल्या नाहीत. 'गणपतराव' ही त्यांपैकी एक. वाङ्मयेतिहासांत तिच्यापुढे 'अपूर्ण' असा शेरा लिहिण्याचा प्रघात आहे. परंतु 'गणपतराव' आणि 'राजसंन्यास' यांना एकच विशेषण लावणे म्हणजे दोन भिन्न घटना एका खात्यावर मांडणे होय. 'गणपतराव' मृत्यूने तोडली नाही. तिच्यानंतर हरिभाऊ दीर्घकाळ लिहिते होते, १८९० पासून 'करमणूक' चालवीत होते, दुसऱ्या कादंबऱ्या हातावेगळ्या करीत होते. त्यांनी ती सोडली. सकर्मक क्रियापद येथे पुरते शोभते. 'अपूर्ण' हा शेरा आदरापोटी लिहिला गेला असेल. पण त्या आदराने एक चांगला प्रश्न झाकला गेला. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीचा लेखक प्रत्येक अंकागणिक वाचकाचा ऋणी होत जातो. अशा लेखकाने एका विशिष्ट टप्प्यावर ते ऋण फेडण्याचे का नाकारले, गणपतरावांसारख्या सुधारकी वृत्तीच्या तरुणाची पुढची वाट त्याला दिसेनाशी झाली की ती दिसूनही छापण्याजोगी वाटली नाही, याचा शोध 'अपूर्ण' या शब्दापाशी थांबून लागणार नाही. त्यासाठी ती कादंबरी ज्या प्रकरणावर थांबते तेथपासून मागे मागे वाचीत यावे लागेल.